माशाच्या पाठीवरची गाठ

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. दुकान आठला उघडतं. खेकड्याच्या पायांत कापूस भरत होतो, तो बाजूला ठेवून लिहितो आहे.

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, आईची तब्येत ठीक आहे. फोनवर आपण दुसऱ्या मिनिटाला भांडतो आणि तिसऱ्या मिनिटाला आई मध्ये पडते. लिहिलेलं तरी तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

बातमी अशी की तुझ्या शाळेचं काम आमच्या दुकानाला मिळालं आहे. ‘पाण्याखालचं जग’, इयत्ता दुसरी, वेषाच्या दिवसासाठी भाड्याचे पोशाख, अठ्ठावीस नग. म्हणजे तुझाच वर्ग ना? मालकांना मी सांगितलं नाही की तिथल्या बाई माझी बहीण आहेत. सांगितलं असतं तर त्यांनी मला तुझ्याकडे पुढच्या वर्षाचंही काम मागायला लावलं असतं.

सगळे नग मी शिवले आहेत. मासे बघ, विशेषतः निळा. त्याचे खवले एकेक कापून डिंकाने लावले आहेत, वरच्या ओळीने खालच्या ओळीला अर्धं झाकायचं या हिशेबाने. लांबून कुणाला कळणार नाही, पण मला कळतं.

आता महत्त्वाचं. पूर्वी आम्ही पाठीला हूक लावायचो. मुलं ते उघडतात, एकमेकांच्या शेपट्या बदलतात, कल्ले वर्गात विसरतात आणि परत आलेल्या नगांत एक तरी खेकडा लंगडा निघतो. यावर मी उपाय काढला. पाठीच्या दोन्ही कडांना दोऱ्याची बारीक घरं केली आहेत. त्यांतून नाडी ओवायची, मानेपाशी आणायची आणि टोपीच्या खाली दुहेरी गाठ मारायची. मुलाचा हात तिथे पोचतच नाही. मालक म्हणाले, “डोकं आहे तुला, वापरत जा अधूनमधून.” त्यांच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच.

शुक्रवारी सकाळी पोशाखांच्या पेट्या घेऊन आमचे पेटीवाले काका येतील. मुलांना कपडे चढवतील, गाठी मारतील आणि दुसऱ्या शाळेत जातील. साडेबाराला परत येऊन सोडवतील. तोपर्यंत मुलांनी बाकावर टेकून बसू नये (शेपूट चुरगळते), रंगाला हात लावू नये आणि काही सांडू नये. तू तिथे आहेस म्हणून मला काळजी नाही. म्हणजे आहे, पण नेहमीपेक्षा कमी.

निळा मासा कसा दिसला ते नक्की कळव.

तुझा भाऊ


रविवार, ९ फेब्रुवारी

बारक्या,

कार्यक्रम झाला. फोटो छान आले म्हणतात.

निळा मासा कापला गेला. मी कापला. दुकानात पोचला असेलच.

सध्या मला यावर लिहायचं नाही. शाळेत असले दिवस होऊ नयेत असं माझं आधीपासून मत होतं. आता मत राहिलेलं नाही, खात्री झाली आहे. आईला यातलं काही सांगू नकोस.

ताई


बुधवार, १२ फेब्रुवारी. सकाळचे साडेसहा. इस्त्री तापायची वाट बघतो आहे.

ताई,

मासा पोचला. पिशवीतून काढला तेव्हा पेटीवाले काका समोरच होते. त्यांनी टोपी काढली, कुणी गेल्यावर काढतात तशी. मला हसू आलं नाही.

मानेपासून शेपटीपर्यंत आरपार कापला आहेस. तेही सरळ नाही. अस्तर, स्पंज, सगळं. वर तो धुतलेला आहे. कापल्यावर धुतला कशाला हे मला कळलं नाही. डिंकाचे खवले पाण्याने निघतात. निम्मे गळून गेले आहेत. शाई सांडली का कुणाच्या हातून? सांडली असेल तर तसं सांग. शाईला मी पांढरा रंग मारून वाट काढली असती. मला एक ओळ टाकली असतीस तरी चाललं असतं.

मालकांनी अठराशे किंमत लावली आहे आणि शाळेला पत्र पाठवलं आहे. मी मध्ये काही बोललो नाही.

पण तू जे शेवटी लिहिलंस त्यावर बोलणार आहे. असले दिवस होऊ नयेत म्हणतेस. तुला माझा शाळेचा सदरा आठवतो? मावसभावाचा होता, दुसऱ्या शाळेचा. खिशावरचं त्या शाळेचं चिन्ह काढलं होतं, पण बाकी सदरा विटलेला आणि तेवढा चौकोन गडद. कोरा करकरीत चौकोन. मी वर्गात शिरलो की आधी तो शिरायचा. मुलं मला ‘खिडकी’ म्हणायची. गणवेशाने सगळी मुलं सारखी दिसतात हे ज्याने ठरवलं, त्याला नवा गणवेश मिळत असणार.

वर्षातून एकदा वेषाचा दिवस असायचा. शेजारच्या टपालवाल्या काकांचा कोट घालून मी गेलो होतो. बाह्या दुमडून दुमडून जाड झाल्या होत्या. त्या दिवशी मी खिडकी नव्हतो. मुलं माझ्याकडे पत्रं मागत होती आणि मी वहीची पानं फाडून सगळ्यांना वाटली. सातवीनंतर मी शाळा सोडली, त्यातला लक्षात ठेवावा असा दिवस विचारलास तर हाच आहे.

म्हणून म्हणतो, तुझ्या खात्रीचं तू बघ. माझीही एक आहे.

तुझा भाऊ

ता. क. गाठ सोडवायला काका येणारच होते. थांबली का नाहीस?


शनिवार, १५ फेब्रुवारी

बारक्या,

थांबले का नाही ते सांगते. लिहायचं नव्हतं, पण तुझं ‘शाई’ वाचलं आणि रात्रभर तो शब्द टोचत राहिला.

निळ्या माशात माझ्या वर्गातली सगळ्यात लहान मुलगी होती. आम्ही तिला मासोळी म्हणतो, ते या कार्यक्रमाच्याही आधीपासून. बाकावर उडी मारून बसते म्हणून. तुझे काका आठला आले, गाठी मारून गेले. साडेनऊला मासोळीने मोठ्या बाईंना विचारलं, बाहेर जाऊ का. मोठ्या बाई म्हणाल्या, फोटो झाल्यावर. फोटोवाला साडेदहाला आला. तिने परत विचारलं. मोठ्या बाईंनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, “मासे कुठे जातात का बाहेर? पाण्यातच राहतात.” सगळे हसले. मीही तिथेच होते, एका खेकड्याच्या मिशा रंगवत. मीही हसले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

अकराला ती कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी होती. जवळ गेले तेव्हा कळलं. शेपटीतून थेंब पडत होते. मी तिला मोरीकडे नेलं. म्हटलं, दोन मिनिटांत मोकळं करते. टोपी वर केली, गाठ सापडली, पण ओढून ओढून ती खडा झाली होती. तिने आतून किती धडपड केली असेल त्याचा तूच अंदाज कर. माझं एक नख तुटलं. मग मी चित्रकलेची कात्री घेतली.

ती घरं बघितली तेव्हाच हात ओळखला. इतकी बारीक, एकसारखी घरं दुसरं कोण घालणार? कापताना एकेक घर कटकट तुटत होतं. मी मोजत नव्हते, पण ऐकत होते.

आता जे झालं ते तुला सांगितलं नाही तर मी अप्रामाणिक ठरेन, म्हणून सांगते. मोरीकडे जाताना वर्गातल्या एका बडबड्या मुलाने ते थेंब पाहिले. मला वाटलं आता हा ओरडणार. तो नुसता म्हणाला, “मासा ओलाच असतो.” आणि पुन्हा आपल्या नांग्या वाजवत बसला. कुणीच हसलं नाही. मासोळीनेही त्याच्याकडे पाहून मान हलवली, जणू दोघांचं आधीपासून ठरलेलं होतं.

मासा मी घरी आणून धुतला. तसाच पाठवायला हवा होता दुकानात.

आणि तो सदरा मला आठवतो. त्याचं चिन्ह मीच उसवलं होतं. ब्लेडने, दुपारभर.

ताई


रविवार, २३ फेब्रुवारी. दुपारचे दोन. दुकान बंद. मासा समोर ठेवून बसलो आहे.

ताई,

तुझं पत्र मी आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. शिवताना बोटात सुई गेली, तीनदा.

मी काय करायचं ते ठरवलं आणि केलं. तुझ्या मोठ्या बाईंना पत्र लिहिलं. दोन कच्चे खर्डे केले, कोशात शब्द पाहिले आणि मग पक्कं लिहिलं. नक्कल तुझ्यासाठी:

“मुख्याध्यापिका बाईंस नम्र विनंती. निळ्या माशाच्या पाठीची बांधणी मी केली होती. मुलाला स्वतः पोशाख काढता येऊ नये अशीच ती होती. घडलेल्या प्रकाराचा दोष माझा आहे. माझ्या बहिणीने घाईत व काळजीपोटी पोशाख कापला. त्याबद्दल तिच्या वतीने मी आपली क्षमा मागतो. नुकसानीची रक्कम माझ्या पगारातून वळती करावी. कृपया तिला बोल लावू नये.”

यात एकही चूक नाही. तीनदा वाचलं आहे.

आता आपलं भांडण. तुझ्याच पत्रातून देतो. मासोळी त्या दिवशी गणवेशात असती तर काय झालं असतं? वर्गभर नाव पडलं असतं. पाचवीपर्यंत, कदाचित पुढेही. मला माहीत आहे, नाव कसं चिकटतं ते. पण ती मासा होती, आणि मासा ओलाच असतो. तिला कुणी वाचवलं, तू की कात्रीने? नाही. वेषाने वाचवलं आणि वेष खरा मानणाऱ्या त्या पोराने.

पाठीची बांधणी चूक होती, ते मी मान्य करतो. वेषाचा दिवस चूक होता, हे मान्य करणार नाही.

तुझा भाऊ


गुरुवार, २७ फेब्रुवारी

बारक्या,

तुला कुणी सांगितलं होतं मध्ये नाक खुपसायला?

मोठ्या बाईंनी मला आज खोलीत बोलावलं. तुझं पत्र टेबलावर, काचेखाली. काचेखाली, समजलं? जणू प्रशस्तिपत्रक. म्हणाल्या, “तुमचा भाऊ कमी शिकलेला दिसतो, पण वळण बघा. भावाला कळतं ते बहिणीला कळू नये?” आणि एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. ‘मी घाईत, परिणामांचा विचार न करता, शाळेने भाड्याने आणलेल्या वस्तूचे नुकसान केले. मला खेद आहे.’ ‘घाईत’ हा शब्द तुझ्या पत्रातून उचलला आहे. त्याखाली सही केली तर माझी नेमणूक पुढच्या वर्षी चालू, नाही केली तर मार्चअखेर संपली. सही करायला मला पालकसभेपर्यंत मुदत आहे. वीस तारखेची.

मी घाईत नव्हते. अख्ख्या दिवसात घाई न करता केलेलं ते एकच काम होतं. मी मिशा घाईत रंगवल्या, मी घाईत हसले. कात्री मी विचार करून घेतली. आणि माझ्या वतीने तू क्षमा मागितलीस. मी तुझ्या वतीने कधी मागितली होती, तू सातवीनंतर शाळा सोडलीस तेव्हासुद्धा?

आता तुझ्या वेषाचं. गणवेशात असती तर नाव पडलं असतं म्हणतोस. अरे शहाण्या, गणवेशात असती तर ती सरळ मोरीवर गेली असती. गणवेशाला चेन असते, हात पोचतो. तुझा मुद्दा म्हणजे घर पेटवायचं आणि मग बादलीचं कौतुक करायचं.

हे दिवस मुलांसाठी नसतातच. फोटोसाठी असतात. आमच्या मोठ्या बाईंनी तो फोटो मोठा करून दाराशी लावला आहे. त्यात निळा मासा पुढच्या ओळीत आहे. गुडघे एकमेकांना घट्ट लावून. बघणारे म्हणतात, किती गोड उभी आहे.

पैसे भरू नकोस. एक पैसासुद्धा नाही. भरलेस तर मी चुकले असं होतं.

ताई


रविवार, १६ मार्च. सकाळचे सात. दुकान बंद.

ताई,

तुला राग आहे म्हणून गेले पंधरा दिवस लिहिलं नाही. आणि लिहिण्यासारखं काही करून मग लिहावं असं वाटलं.

पहिलं, मोठ्या बाईंना दुसरं पत्र टाकलं. त्याचा एकच खर्डा केला. “माझ्या आधीच्या पत्रातील क्षमा मी मागे घेत आहे. ती मागण्याचा मला अधिकार नव्हता. बहिणीने घाई केली असे मी लिहिले, ते मी तिथे नसताना लिहिले. दोषाबद्दलचे वाक्य मात्र तसेच राहू द्यावे, ते माझे आहे. काचेखालचे पत्र कृपया परत पाठवावे.” शेवटी ‘आपला नम्र’ लिहायचं असतं, ते मुद्दाम लिहिलं नाही. टपालपेटीत टाकल्यावर वाटलं, लिहायला हवं होतं. पेटीपाशी दहा मिनिटं उभा होतो. मग घरी आलो.

दुसरं. मालकांना म्हटलं, पाठीच्या सगळ्या नाड्या काढून पुढून उघडणारे पोशाख करतो. पोटावर एक झाकण, आत रुंद पट्ट्या, चिकटणाऱ्या. मुलाने खर्रकन ओढलं की बाहेर. ते म्हणाले, “आणि शेपट्या कोण मोजणार, तुझा बाप?” मी म्हटलं, मुलांना बाहेर जावं लागतं. ते म्हणाले, “चार तास? तेवढं चार तासांत काय होतं? आमच्या वेळी आम्ही दिवसभर बसायचो.”

ताई, तुला माहीत आहे मी कुणाला उलटून बोलत नाही. तेव्हाही बोललो नाही. परवा सकाळी मोठ्या अस्वलाची माप-तपासणी होती. तो नग माणसाच्या मापाचा आहे, नाटकवाल्यांसाठी. एरवी मीच चढवतो, पण म्हटलं, मालक, तुमच्याच अंगाचा माणूस हवा, जरा घालून दाखवता? त्यांना अस्वल आवडतं. लगेच शिरले. मी नाडी ओवली, दुहेरी गाठ मारली, टोपी खाली ओढली. माझीच पद्धत. मग खुर्चीवर बसलो आणि बटणं लावायला घेतली.

सुरुवातीला ते नाचले. पेटीवाल्या काकांना मिठी मारली. मग म्हणाले, बास, काढ. मी म्हटलं, साडेबाराला. त्यांना गंमत वाटली. सकाळचा त्यांचा तिसरा चहा तोपर्यंत झालेला असतो, हे मला माहीत होतं. चौथाही झाला होता, मीच दिला होता.

अर्ध्या तासाने अस्वल येरझाऱ्या घालायला लागलं. “सोड रे.” मी म्हटलं, फोटो झाल्यावर. “कसला फोटो?” मी म्हटलं, तो यायचाय. काकांनी तोंड फिरवलं, खांदे हलत होते. अस्वल मागे हात नेत होतं आणि पंजा मानेपाशी पोचत नव्हता. कात्री मी खिशात ठेवली होती. खरं सांगतो, नोकरी गेली असं मनाशी धरून चाललो होतो. शेवटी टोपीच्या आतून आवाज आला, अगदी हळू, आमच्या मालकांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “अरे बाबा, खरंच जायचंय.”

मग मी गाठ सोडली.

ते आले, हात धुतले, गल्ल्यावर बसले. कालचा हिशेब दोनदा मोजला. मग म्हणाले, “तुला काढून टाकला असता. पण तुझ्यासारखी घरं घालणारा दुसरा नाही.” मी म्हटलं, घरं आता घालणार नाही. ते म्हणाले, “पट्ट्या तुझ्या पैशाने आण. आणि माशाचे अठराशे मी सोडणार नाही, शाळेने दिले नाहीत तर तुझ्याकडून.” मी बरं म्हटलं.

पैसे भरू नको म्हणालीस. मी दंड भरत नाहीये. मी मासा विकत घेतला आहे. पावतीवर तसं लिहून घेतलं आहे: मासा, निळा, एक, विकला. विकत घेतलेल्या वस्तूत चूक कुणाची हा प्रश्न उरत नाही.

वीस तारखेला काय करणार ते कळव. सही केलीस तर मी काही म्हणणार नाही. तुझं घरभाडं मला माहीत आहे.

तुझा भाऊ


शनिवार, २२ मार्च

बारक्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा बसने जाताना वाचलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, एका अस्वलाला घाईची लागली होती. त्या उठून दुसरीकडे बसल्या.

सही केली नाही.

सभेत मोठ्या बाईंनी तो कागद सगळ्यांसमोर वाचला, म्हणजे मला लाज वाटावी. मग पेन दिलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, यातला ‘घाईत’ खोटा आहे, ‘विचार न करता’ खोटं आहे, ‘खेद’ आहे पण तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मूल दोनदा विचारून कोपऱ्यात जाईपर्यंत मी मिशा रंगवत होते, त्याचा. तसा कागद करा, आत्ता सही करते. आणि असं पुन्हा झालं तर पुन्हा कापेन. मोठा मासा असला तरी कापेन.

त्या म्हणाल्या, “ही भाषा शिक्षिकेला शोभते का?” मी म्हटलं, “माशाला बाहेर नसतं हे शोभलं का?”

मागून मासोळीची आई उठली. ती बस चालवते, ड्यूटीवरून तशीच आली होती, कामाच्या कपड्यांत. मला वाटलं आता ही रडेल किंवा भांडेल. ती शांतपणे म्हणाली, “मी मुलीला विचारलं, पुढच्या वेळी कोण होणार. ती म्हणाली, कात्री.” आणि खाली बसली. आधी कुणाला कळेना हसावं की काय. मग हसले. मोठ्या बाई सोडून.

माझी नेमणूक संपली. एकतीस तारखेपर्यंत आहे. शिकवण्या धरल्या आहेत, दोन ठिकाणी अर्ज टाकले आहेत. आईला मीच सांगेन. पैसे पाठवलेस तर परत पाठवीन, आणि टपालखर्च तुझ्या माथी मारीन.

तुला एक मुद्दा द्यायचा राहिला. सभेनंतर पालकांनी हात वर करून ठरवलं की वेषाचा दिवस राहावा. मी हात वर केला नाही. अजूनही माझं मत तेच आहे, फोटोवाल्याला घरी पाठवल्याशिवाय यात काही राम नाही. पण मासोळी आईच्या मांडीवर बसून दोन्ही हात वर करून होती, आणि तिचं मत मोजायचं नाही असं मला म्हणवेना.

तुझं पत्र काचेखालून निघालं आहे. कुठे गेलं, माहीत नाही.

ताई


मंगळवार, २५ मार्च. सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. पट्ट्या कापून झाल्या, शिवायला घ्यायच्या आधी.

ताई,

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. मालकही ऐकत होते, ऐकत नाही असं दाखवत. ‘मोठा मासा असला तरी कापेन’ इथे त्यांनी गल्ला उघडून बंद केला.

फोटोवाल्याबद्दल तू म्हणतेस ते मला पटलं. पूर्ण नाही, पण पटलं. शाळांना पाठवायच्या चिठ्ठीत आता मी दोन ओळी घातल्या आहेत: पोशाख मुलाला स्वतः काढता येतो, त्याने काढल्यास त्याला रागावू नये. आणि फोटो आधी घ्यावा, नाहीतर घेऊ नये. मालकांनी दुसरी ओळ खोडली. मी ती प्रत्येक चिठ्ठीवर हाताने लिहितो. अक्षर चांगलं आहे म्हणून कुणी हरकत घेत नाही.

पैसे पाठवत नाही, घाबरू नकोस. पण हिशेब पाठवतो, कारण तो तुझ्यापासून लपवला तर तू जास्त वाईट अंदाज बांधशील.

खर्च:
चिकटणाऱ्या पट्ट्या, सर्व नगांना पुरतील एवढ्या: सहाशे चाळीस.
टपाल, मोठ्या बाईंना दोनदा, तुला पाच वेळा: एकशे पाच.
चंदेरी कापड आणि कडक अस्तर, कात्रीच्या दोन पात्यांसाठी, मधला खिळा म्हणून एक मोठं बटण: दोनशे दहा. हा पोशाख भाड्याचा नाही. पुढून उघडतो. मासोळीच्या आईकडून उंची विचारून कळव.

देणे:
मालकांना, माशाचे: अठराशे. पैकी या पगारातून दोनशे गेले. राहिले सोळाशे.
तुला, तुझ्या वतीने मागितलेली क्षमा एक: परत घेतली, फिटली.
तुझ्या शाळेला: काही नाही.

तुझा भाऊ